काळी चार, काळी तीन, काळी दोन

प्राचीचा फोन आला तेव्हा मी पेणच्या घरी स्वयंपाकघरात खाली बसून बिरड्यासाठी वाल सोलत होते. ‘आत्या, पप्पांना कंपनीतून दवाखान्यात आणलंय, तू ये,’ एवढंच ती म्हणाली. मी हात धुतले, साडीसुद्धा न बदलता स्टँड गाठला आणि रोह्याची एसटी पकडली. नागोठणं मागे पडल्यावर तिचा पुन्हा फोन आला आणि तो मी उचललाच नाही. उचलला नाही तर सदा अजून थोडा वेळ राहील, असं काहीतरी मनात आलं असावं. जन्मभर शाळेत पोरांना शिस्त लावलेली एकसष्ट वर्षांची बाई मी, पण खिडकीशी बसून मांडीवरचा फोन वाजू दिला. शेजारची बाई दोनदा म्हणाली, ‘ताई, तुमचा वाजतोय…’ रोह्याच्या स्टँडवर माझ्या भावजयीचा भाऊ मला न्यायला उभा होता. त्याच्या तोंडाकडे बघितल्यावर विचारायचं काही राहिलं नाही.

आज त्याला सहा आठवडे होतील. सदानंद माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान. रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कंपनीत पॅनल ऑपरेटर आणि आमच्या गावच्या भजन-गीत मंडळाचा कीबोर्डवाला. त्याचं नाव कधी पेपरात आलं नाही, त्याला कुठला पुरस्कार मिळाला नाही, आणि मिळाला असता तर तो घ्यायला जायला शिफ्ट बदलून मिळाली नसती. पण पेणपासून कोलाडपर्यंतच्या गावांत ज्यांनी त्याला वाजवताना ऐकलंय, त्यांना मी काही सांगायची गरज नाही. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे. शिवाय एक गोष्ट अशी आहे की ती मलाच लिहायला हवी, दुसऱ्या कोणाला ती ठाऊक नव्हती. ती ओघात येईलच.

आमचे बाबा पावसाळ्यात भात आणि मागून वाल करायचे, आणि संध्याकाळी देवळात भजनाला पेटी वाजवायचे. मला गळा मिळाला आणि सदाला बाबांची बोटं. बाबा साधे गृहस्थ, पण पेटीच्या बाबतीत भलतेच कडक. शेजारच्या गावच्या बुवांनी एकदा स्केल चेंजरची पेटी आणली. तिच्यात पट्ट्यांची अख्खी फळी डावी-उजवीकडे सरकते, म्हणजे गाणारा वर चढो की खाली उतरो, वाजवणाऱ्याने आपली सवयीची बोटं सोडायची नाहीत. सगळं गाव ती पेटी बघायला गेलं. बाबाही गेले, बघून आले आणि सदाला समोर बसवून म्हणाले, ‘गाणाऱ्यानं पट्टी बदलली तर आपण बोटं बदलायची. पेटी सरकवायची नाय.’ सदा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेल. त्या दिवसापासून बाबांनी त्याला एकच गाणं बाराही सुरांतून वाजवायला लावलं. तो रडायचा, मी हसायचे. मला एकाच पट्टीत गायचं होतं ना. काळी चार! पेटीवरची चौथी काळी पट्टी हा माझा सा, लग्नाआधीपासून. बाहेरगावचे पेटीवाले विचारायचे, ‘बाई, पट्टी?’ आणि मी मान जरा वर करून सांगायचे. मला माझ्या गळ्याचा गर्व होता, हे आताच कबूल केलेलं बरं.

बाबा गेल्यावर पेटी सदाकडे आली आणि हळूहळू मंडळ रिकामं होत गेलं. सनईवाले काका दातांनी गेले, म्हणजे दात गेले आणि सनई गेली. व्हायोलिनचे मास्तर मुलाकडे राहायला गेले. बासरीवाल्याला नोकरी लागली. राहिले कोण, तर ढोलकीवर दामूअण्णा, तेच मंडळाचे प्रमुख, पेटीवर सदा, गायला मी आणि आणखी दोघीतिघी. लोक म्हणायला लागले, मंडळात आता काही दम राहिला नाही. तेव्हा सदाने पाच सप्तकांचा कीबोर्ड आणि जुना लॅपटॉप आणला आणि त्यात स्टेजवरच्या कार्यक्रमांसाठी असतं ते सॉफ्टवेअर घातलं. मला वाटलं, आता बटण दाबून आयतं वाजणार. तसं मी त्याला म्हटलंही. तो चिडला नाही. त्याने कीबोर्डवर चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून स्केचपेनने रेघा मारल्या आणि मला समोर बसवलं. या रेघेपर्यंत डाव्या हाताला तुतारी, मधल्या भागात पेटी, उजवीकडे सनई. याला म्हणायचं स्प्लिट. आणि सनईच्या खाली, ऐकणाऱ्याला नुसती ऊब लागेल इतक्या हळू, व्हायोलिन अंथरायचं. हा लेअर. एका गाण्याची मांडणी म्हणजे एक पान, पायातलं पेडल दाबलं की पुढचं पान. ‘आमच्या पॅनलवर कसं, कुठली लाइन कुठल्या टाकीत जाते ते आधी ठरवायचं. मग हात कमी हलतात,’ तो म्हणाला. कंपनीत दिवसभर तेच करून घरी येऊन पुन्हा तेच करण्यात कसली मजा, हे मला कळलं नाही, पण त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

मधल्या भागातली पेटी त्याला कुठल्याही दुकानातली नको होती. त्याने बाबांच्या पेटीचा एकेक सूर माइक लावून रेकॉर्ड केला, हळू भाता, जोरात भाता, असा प्रत्येक सूर दोनदा. दिवाळीची अख्खी सुट्टी त्यात गेली. घरातला पंखा बंद, मिक्सर बंद, प्राचीला बोलायची बंदी. सुजाता, माझी भावजय, मागच्या दारी जाऊन कावळे हाकलायची. बाबांच्या पेटीचा एक सूर जरा चिरका होता आणि भात्यातून बारीक फुस्स असा आवाज यायचा. सॉफ्टवेअरमधून ते दोन्ही काढून टाकता येत होतं. सदाने काढलं नाही. पहिल्यांदा त्याने ती पेटी कीबोर्डवर वाजवली तेव्हा मी उठून आत गेले आणि पदराने डोळे पुसून बाहेर आले. माझ्या तोंडून काही शाबासकी निघाली नाही. मोठी बहीण असल्याचा तोटा हा की, धाकट्याला चांगलं म्हणायचं राहून जातं.

आणि एक सांगते, ज्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी बदलायचं बटण असतं. स्केल चेंजरसारखंच. एकदा दाबलं की अख्खा कीबोर्ड वर किंवा खाली सरकतो, बोटं तिथंच. बाकीचे सगळे कीबोर्डवाले ते वापरतात आणि त्यात चुकीचं काहीच नाही. सदाने ते बटण आयुष्यात दाबलं नाही. बाबांनी सांगितलं होतं ना, बोटं बदलायची! इतकं नवं यंत्र आणि त्याच्यासमोर बसलेला माणूस असा जुना. त्याचं सगळं चांगलं या एका गोष्टीत होतं, आणि त्याच्यावर जो एकच डाग लागला तोही याच गोष्टीतून लागला.

माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. डॉक्टरांनी आवाज शाबूत आहे म्हणून सांगितलं, आणि होताही, पण वरचे सूर लागेनात. घरी एकटी असताना मी काळी चारमध्ये गाऊन बघायचे आणि अंतऱ्याला गळा अडकला की खोकल्याचं सोंग करायचे. घरात दुसरं कोणी नसतानासुद्धा! कोणाला सांगितलं नाही. मंडळात एक नवी मुलगी आली होती, छान वर चढायची, आणि सगळे तिला म्हणायचे, कुंदाताईंसारखी गातेस. ते ऐकून मला बरं वाटायच्या ऐवजी धडकी भरायची. काळी चार गेली म्हणजे कुंदा गेली, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्या माघी गणपतीला जोह्याला आमचा कार्यक्रम होता. गणपतीच्या मूर्तींचं गाव ते. एका कारखानदाराने पूजा घातली होती आणि कारखान्यातच फळ्यांचं स्टेज केलं होतं. चारही बाजूंच्या मांडण्यांवर न रंगवलेले पांढरे गणपती आणि पुढे सतरंज्यांवर माणसं, संध्याकाळचे पाच-साडेपाच. पडद्यामागे आम्ही पोहे खात होतो. दामूअण्णा ढोलकीच्या दोऱ्या आवळत होते, ती नवी मुलगी माझ्या शेजारी बसलेली. सदा हातात ताटली घेऊन माझ्यापाशी आला आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी विचारायचा तसं त्याने विचारलं, ‘ताई, पट्टी तीच ना गो?’ सकाळपासून माझा गळा जड होता. काळी चार लागणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण शेजारी ती मुलगी होती आणि समोर दामूअण्णा होते.

‘तीच,’ मी म्हणाले. ‘मी कधी बदलली आहे का?’

पहिलं गाणं वंदनेचं. ते आधी मी एकटीने, साथीशिवाय सुरू करायचं आणि दोन ओळींनंतर सदाची सनई यायची. मी सुरुवात केली ती काळी तीनमध्ये. एक पट्टी खाली. मला वाटलं, नुसत्या गळ्याने सुरुवात आहे, कोणाला कळतंय. सदाला पहिल्या अक्षराला कळलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, काही नाही, दोन ओळी संपता संपता त्याची बोटं एक पट्टी खाली सरकली आणि सनई अशी अलगद माझ्या सुराला येऊन मिळाली की समोरच्या एकाही माणसाला शंका आली नाही. हे किती अवघड आहे ते वाजवणाऱ्यांना विचारा. दुसऱ्या कोणी असं गाणारीला सांभाळलं नसतं. पण त्याने स्प्लिटची रेघ काळी चारच्या हिशोबाने मारली होती. या गाण्याच्या पानावर मध्ये पेटी नव्हती, एकाच रेघेच्या उजवीकडे सनई आणि डावीकडे तुतारी, शेवटच्या जयघोषासाठी ठेवलेली. पहिल्या कडव्यानंतर सनई हळूहळू खाली उतरते आणि खालच्या पंचमावर थांबते. काळी चारमध्ये तो पंचम रेघेच्या बरोबर उजव्या अंगाला होता. आता सगळंच एक पट्टी खाली आलेलं. बोटं खाली उतरली, रेघ ओलांडली, आणि त्या हळव्या जागेवर कारखानाभर तुतारी फुंकली गेली.

लोक हसले. पोटभर हसले. कोणीतरी मागून विचारलं की निवडणुकीचा प्रचार आहे की काय. सदाने लगेच हात उचलला, नुसतं व्हायोलिन धरून ठेवलं आणि गाणं कसंबसं तडीला नेलं. पडद्यामागे आल्यावर दामूअण्णा लालबुंद. हे काय झालं म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी तिथंच होते. मला वाटलं, आता हा माझ्याकडे बोट दाखवणार. सदा वायर गुंडाळत म्हणाला, ‘माझ्याकडून सेटिंग चुकलं, अण्णा.’ आणि मी… मी गप्प राहिले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणाले, मी आधीपासून सांगत होते, या मशिनीपेक्षा साधी पेटी बरी. माझ्या तोंडचे शब्द आहेत हे. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वायर गुंडाळायला लागला.

मंडळाने त्याचा कीबोर्ड बंद केला. नुसता कीबोर्ड नाही, त्यालाच घरी बसवलं. बाहेरगावचे एक पेटीवाले बुवा बोलावले गेले, साधी पेटी घेऊन. वर्षभर सदा स्टेजवर नव्हता. कंपनीच्या बसमध्ये लोक त्याला ‘तुतारी’ म्हणायचे, हे मला सुजाताकडून कळलं. ती मला हे सांगत होती आणि मी चहा ढवळत होते. त्या वर्षात मी किती वेळा ठरवलं की दामूअण्णांकडे जाऊन सांगायचं. प्रत्येक वेळी वाटायचं, या कार्यक्रमानंतर सांगू. परवा अखेर गेले आणि सांगितलं. अण्णा आता ऐंशीच्या पुढचे, पडवीत खाटेवर असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘मग आमी त्या पोराला वर्षभर घरी बसवला तो कशापायी गो?’

सदाने मात्र ते वर्ष फुकट घालवलं नाही. सुट्टीच्या दिवशी तो कीबोर्ड खांद्याला लावून रोह्याहून पेणला माझ्याकडे यायचा. म्हणायचा, नवीन पानं करायची आहेत, तू फक्त गा. कशासाठी, कुठल्या कार्यक्रमासाठी, काही नाही. प्रत्येक गाणं तो मला तीनदा गायला लावायचा. आधी काळी चार, मग काळी तीन, मग काळी दोन. काळी चारला माझा गळा अडकला की तो स्क्रीनकडे बघत बसायचा, जणू ऐकलंच नाही, आणि म्हणायचा, ‘झालं, आता खालची घे.’ काळी दोनमध्ये मी पहिल्यांदा मोकळी गायले ती त्या खोलीत. माझा आवाज गेला नव्हता, नुसता खाली राहायला गेला होता, हे मला त्याने न सांगता दाखवलं. पट्टी बदलली की बोटं बदलणार, मग रेघही बदलली पाहिजे, इतकं साधं होतं ते. पण त्यासाठी प्रत्येक गाण्याची तीन पानं, प्रत्येक पानावर स्प्लिट नव्या जागी, लेअरचा आवाज नव्याने जुळवलेला, कारण तीच सनई खाली उतरली की जाड वाटते. त्याने आमची सगळी गाणी अशी केली. सरकवायचं बटण समोर होतं, एका दाबात काम झालं असतं. ‘बाबा रागावतील,’ असं म्हणून तो हसायचा.

वर्षाने गावच्या उत्सवात पेटीवाल्या बुवांना आयत्या वेळी ताप भरला. कार्यक्रम दुपारी चारला, आणि दामूअण्णांनी नाइलाजाने सदाला निरोप धाडला. पहिली पाळी संपवून तो कंपनीच्या कपड्यांतच आला. मांडवात कुजबुज झाली, एक-दोघांनी तोंडाने तुतारीचा आवाजही काढला. त्याने कीबोर्ड मांडला, वायर जोडली, माझ्याकडे आला. पट्टी विचारली. सगळं मंडळ बघत होतं. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि नुसता पदर सारखा केला. त्याने क्षणभर वाट बघितली आणि म्हणाला, ‘लागेल ती घे. मी हाय.’ मग वळून जागेवर जाऊन बसला.

तेच वंदनेचं गाणं होतं. मी डोळे मिटले आणि काळी दोनमध्ये सुरू केलं. दोन पट्ट्या खाली, लपवाछपवी नाही, मोकळा गळा. माझं पहिलं अक्षर पुरं व्हायच्या आत पाठीमागून पेडलचा आवाज आला. टक… टक. दोन पानं पुढे. आणि मग सनई आली, तिच्याखाली व्हायोलिन आलं, आणि कडवं संपल्यावर ती सनई उतरत उतरत खालच्या पंचमाला पोचली आणि तिथं सनईच राहिली. सगळा मांडव त्या जागेची वाट बघत होता, हे मला कळत होतं. पुढच्या रांगेतले सनईवाले काका, बोळक्या तोंडाचे, उठून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. शेवटी जयघोषाला सदाने तुतारी काढली, योग्य जागी, पुऱ्या आवाजात, आणि लोकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. मी त्याच्याकडे बघितलं तर तो पुढचं पान लावत होता.

त्यानंतर शेवटपर्यंत त्याची जागा कोणी घेतली नाही. उलट इतर मंडळांचे कीबोर्डवाले त्याच्याकडे शिकायला येऊ लागले, कोलाडहून, नागोठण्याहून, पेणहूनही. तो त्यांना आधी लॅपटॉप उघडूच द्यायचा नाही. बाबांच्या पेटीवर बसवायचा आणि एकच गाणं वेगवेगळ्या पट्ट्यांतून वाजवायला लावायचा. कंटाळून काही पळून गेले, जे टिकले ते आज चांगली नावं काढून आहेत. एकदा एका मोठ्या कार्यक्रमाला शहरातून साउंडवाले आले होते. आमचं गाणं चालू असताना त्यांच्यातला एक जण स्टेजच्या मागे येऊन पेटीवाला कुठे बसलाय ते शोधत राहिला. पेटी ऐकू येते आणि दिसत नाही! सदाने त्याला कीबोर्डचा मधला भाग दाखवला तेव्हा त्याने विचारलं, भात्यातून हवा गळल्यासारखी येते ती बिघाड आहे का. सदा म्हणाला, ते आमचे वडील आहेत. तो माणूस गोंधळून बघत राहिला आणि मी मेली तिथं उभी राहून अभिमानाने फुगले होते.

आमची शेवटची भेट साधीच झाली. जायच्या आदल्या आठवड्यात तो पेणला येऊन गेला. बिरडं खाल्लं, माझ्या फोनमधलं काहीतरी दुरुस्त केलं आणि जाताना म्हणाला की प्राचीचा हात आता बरा बसायला लागलाय. ती त्याची एकुलती एक लेक, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मी म्हटलं, मग तिला स्टेजवर आण की. तो म्हणाला, ‘आणतो गो, घाई काय हाय?’ घाई नव्हतीच कोणाला.

दिवसकार्य उरकल्यावर चार दिवस मी रोह्यालाच राहिले. एका सकाळी प्राचीने त्याचा लॅपटॉप उघडला. मंडळाचा पुढचा कार्यक्रम तिने वाजवायचा असं दामूअण्णांच्या मुलाने सुचवलं होतं आणि तिला पानं बघून घ्यायची होती. त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पानाच्या खाली टीप लिहायला चौकट असते, हे मला माहीत नव्हतं. सदाने सगळ्या चौकटी भरून ठेवल्या होत्या. दुसऱ्या कडव्याआधी अण्णांच्या ढोलकीला थांब. इथे ताई श्वास घेते, व्हायोलिन सोडू नको. इथे ताईला उशीर होतो, होऊ दे. प्राची एकेक मोठ्याने वाचत होती, आणि आम्ही दोघी मध्येच हसत होतो, मध्येच डोळे पुसत होतो. इतकी वर्षं मी पुढे बघून गात होते आणि मागे बसून हा माझा एकेक श्वास टिपून ठेवत होता.

मग एक जुनं पान निघालं. वंदनेचं, एकाच पट्टीचं, काळी चार. त्याने ते पुसलं नव्हतं. खालची टीप वाचून प्राची थांबली आणि तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. चौकटीत लिहिलं होतं: ‘जोहे. इथे तुतारी वाजली. ताईला पट्टी विचारायची राहिली. चूक माझी. न विचारता पुन्हा कधी बसायचं नाही.’

मी ते तीन वेळा वाचलं. मंडळासमोर त्याने चूक अंगावर घेतली हे मी समजू शकत होते, बहिणीची लाज राखायची म्हणून. पण हे त्याने कोणासाठी लिहिलं होतं? कोणी वाचणार नाही अशा जागी, स्वतःच्या लॅपटॉपमध्ये, एकट्याने बसून? तिथंसुद्धा त्याने माझ्यावर दोष येऊ दिला नव्हता.

प्राचीचा चेहरा उतरला होता. ‘पप्पा विचारायला विसरले? पप्पा?’ ती हळूच म्हणाली. कंपनीतल्या लोकांनी बापाला काय नाव ठेवलं होतं ते तिला लहानपणापासून माहीत होतं, आणि बाप चुकला यावर इतकी वर्षं तिने विश्वास ठेवला नव्हता. आता बापानेच लिहून ठेवलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. पोह्यांची ताटली, शेजारी बसलेली ती मुलगी, माझा जड गळा, तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, नंतर पडद्यामागे काय म्हणाले, तेही. आत सुजाता भांडी लावत होती. मला वाटलं, आता ही पोरगी उठून जाईल, आणि गेली तर ते बरोबरच होईल. प्राचीने लॅपटॉप पुन्हा आपल्याकडे ओढला, सदाने लिहिलेल्या ओळींच्या खाली नवी ओळ सुरू केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ‘सांग. काय लिहू?’

मी सांगितलं, ‘सदाने विचारलं होतं. ताई खोटं बोलली.’

पहिलं वाक्य तिने लिहिलं. दुसऱ्याला तिची बोटं थांबली. म्हणाली, आत्या, एवढं पुरे, पुढचं नको.

‘लिही,’ मी म्हणाले.

तिने लिहिलं.